जप्तीतला नाग

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरांनी एका काचेच्या भांड्यात बर्फाचे तुकडे घेतले, वर मूठभर मीठ टाकलं आणि आत थर्मामीटर उभा धरला. पारा शून्याच्या खाली उतरू लागला. सगळ्या मुलांनी माना पुढे केल्या. मला मात्र हसू आलं आणि ते आवरेना. सरांनी मला उभं करून यात हसण्यासारखं काय आहे ते विचारलं. हाच प्रयोग माझ्या आईने एका नागावर केला होता, हे भर वर्गात सांगण्याचं धैर्य मला झालं नाही. "काही नाही सर," म्हणून मी खाली बसलो. पण त्या दिवसापासून रावजी जमादार डोक्यातून जात नाहीत. मला लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरात शाळेपुढे गेलेला मी पहिलाच. तेव्हा जे जसं आठवतं, तसंच सांगतो.

आमचं गाव उरणच्या बाजूला, खाडीला लागून. आगरी लोकांची घरं, मग खारं पाणी अडवणारा बांध आणि बांधापलीकडे मिठागरं. गाव आणि मिठागर यांच्या मधोमध एक दगडी चौकी होती. इंग्रजांच्या वेळी मिठावर कर होता. तो चुकवून कोणी मीठ नेऊ नये म्हणून चौकीत सरकारी माणसं राहत. रावजी जमादार त्यातले शेवटचे. मूळचे घाटावरचे, साताऱ्याकडचे. स्वातंत्र्याच्या सुमारास कर उठला, साहेब गेला, शिपाई गेले, जमादार राहिले. पुढचा हुकूम येईपर्यंत इमारत सांभाळा, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं म्हणे. पुढचा हुकूम आला नाही. पुढे ते पेन्शनीत निघाले, तरी चौकीतच राहिले.

चोरी उरली नव्हती, पण संशय उरला होता. मिठाच्या पांढऱ्या उजेडात जन्म गेल्यामुळे त्यांचा उजवा डोळा कायमचा बारीक झाला होता, आणि त्या बारीक डोळ्याने ते बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाकडे बघत. कुठून आलास, कुठे चाललास, पिशवीत काय, हे तीन प्रश्न ठरलेले. उत्तर दिलं की चौथा प्रश्न येई: "तळाला काय?"

पूर्वी बायका ओटीत लपवून मीठ नेत. माझी चुलत बहीण लग्न होऊन सासरी निघाली तेव्हा तिची ओटी तांदळांनी आणि नारळाने भरलेली. वरात चौकीसमोर आली आणि जमादारांच्या तोंडून सवयीने गेलं, "ओटीत काय?" वाजंत्री थांबली. बायकांनी त्यांना जे ऐकवलं ते मला इथे लिहिता येणार नाही. जमादारांनी शांतपणे ऐकून घेतलं. पण वरात पुढे गेल्यावर ते वळणापर्यंत बघतच होते, असं म्हणतात.

मी मुंबईहून सुट्टीला आलो की मलाही ते सोडत नसत.

"काय कॉलेज, पेटीत काय?"

"पुस्तकं."

"तळाला?"

"तळालाही पुस्तकंच."

"एवढी?" ते म्हणत. त्यांचा विश्वास बसलेला नसे.

त्यांच्याकडे एक लाकडी छाप होता. मिठाची रास लागली की तिच्यावर ओल्या मातीचा लेप देऊन हा छाप उठवायचा, म्हणजे कोणी रास उकरली तर लगेच कळे. राशींचं काम संपलं तरी छाप त्यांच्या खाकी कोटाच्या खिशातच असे. तांदळाच्या मडक्यावर, दाराच्या कुलपावर, जिथे तिथे ते मातीचा गोळा थापून छाप मारत. आणि सगळ्यात जपून मारलेला छाप असे नागाच्या पेटीवर.

नागाची हकीकत मी वडिलांकडून ऐकली. कर उठण्याच्या थोडं आधी एक गारुडी बांधावरून चालला होता. बाकीच्या शिपायांनी त्याला जाऊ दिलं. नागाच्या टोपलीत हात कोण घालणार? जमादारांनी विचारलं, "तळाला काय?" गारुड्याचा चेहरा उतरला. जमादारांनी काठीने नाग बाहेर काढला, फडकं उचललं, आणि खाली मीठ निघालं. गारुडी खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत पळाला तो पुन्हा दिसला नाही. मीठ वजन करून जमा झालं, टोपली जमा झाली. नागाचं काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. जमादार म्हणाले, जप्त केलेला माल हुकमाशिवाय सोडता येत नाही. तेव्हापासून नाग त्यांच्याकडेच.

गावाला हे पटणं शक्य नव्हतं. कोणी म्हणे चौकीखाली धन आहे आणि नाग त्यावर बसवलाय. कोणी म्हणे ज्याच्याशी वाकडं असेल त्याच्या घरात हा नाग सोडणार. पेटीच्या तळाला अजून काहीतरी आहे, याबद्दल तर सगळ्यांचं एकमत होतं. त्याचे दात काढलेले होते की नव्हते, हेही कोणाला माहीत नव्हतं. विचारलं तर जमादार एवढंच सांगत की गारुडी दात काढतात, पण ते परत येतात. आले की नाहीत, ते सांगत नसत.

पहिल्याच वैशाखात तो नाग मरायला टेकला. चौकीवर पत्रे होते. दुपारी नाग पेटीच्या कडेला डोकं घासू लागला, मग तोंड उघडं टाकून निपचित पडला. जमादारांना खात्री झाली की कोणीतरी विष घालतंय. चोर पकडायचा म्हणून ते दार लावून भर दुपारी पेटीशेजारी दबा धरून बसले. चोर आला नाही. पण पत्र्याखाली बसून बसून जमादारांनाच भोवळ आली, आणि तेव्हा त्यांना कळलं की नागाला काय होतंय.

त्यानंतर त्यांचा संशय उन्हावर बसला. पत्र्यांवर त्यांनी झावळ्या टाकल्या, वर पेंढा. साहेबाच्या खोलीतला वाळ्याचा जुना पडदा काढून पेटीवर सोडला. गाव म्हणू लागलं, साहेब गेला आणि गारवा सापाला आला. खिडकीतून येणारं ऊन कोणत्या महिन्यात कुठवर पोचतं, त्याच्या कोळशाच्या खुणा जमिनीवर होत्या, आणि सूर्य सरकेल तशी ते पेटी सरकवत. पेटीच्या निम्म्या भागावरच ओली गोण घालत, निम्मी कोरडी ठेवत. मी एकदा धीर करून याचं कारण विचारलं. ते म्हणाले, "त्याला गार पायजे का ऊन पायजे, ते त्याचं त्याला कळतंय. आपण जागा ठिवायची." पाणी घालण्याआधी आणि नंतर ते पेटीला हाताची मागची बाजू लावून बघत, आजारी पोराच्या कपाळाला लावावी तशी.

हे सगळं मला माहीत आहे याचं कारण माझी आई. आमचं घर चौकीच्या समोर. जुन्या दिवसांत एकदा जमादारांनी आईची मासळीची पाटी मीठ शोधायला म्हणून बांधावर पालथी केली होती. मीठ निघालं नाही. मासळी मात्र मातीत गेली. आई ते विसरली नाही. तेव्हापासून ती त्यांच्यावर नजर ठेवून होती. भांडी घासताना, मासे साफ करताना, तिचा एक डोळा चौकीकडे. "बघ, आता तो मेला पेटी सरकवील," ती म्हणे, आणि जमादार पेटी सरकवत.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षानंतर घरी आलो होतो, तेव्हाची गोष्ट. जमादारांना पेन्शनीच्या कामाला पनवेलला जावं लागलं. पहाटे त्यांनी गोण भिजवली, पेटी खाडीकडच्या खिडकीखाली वाऱ्यात ठेवली, कुलपावर माती थापून छाप मारला आणि होडीत बसले. खिडकीत ऊन यायच्या आत परत येणार होते. पण येताना ओहोटी लागली आणि होडी खाडीच्या चिखलात रुतून बसली. हे आम्हाला नंतर कळलं.

दुपार चढली. आई ओट्यावर अस्वस्थ होऊ लागली. गोण सुकली, ती म्हणाली. ऊन खिडकीत आलं, ती म्हणाली. वडील म्हणाले, मरू दे, गावाचा घोर जाईल. आई उठली. घमेलं घेऊन ती धक्क्यावर गेली. तिथे मुंबईला जायच्या मासळीच्या पेट्या बर्फात भरत होते. आमच्याकडे बर्फ म्हणजे मीठ घातलेलाच. तसा तो जास्त गार होतो, आणि मिठाला काय तोटा! आईने घमेलंभर बर्फ मागून आणला, आणि चौकीच्या खिडकीच्या गजांतून लांब दांड्याच्या पळीने पेटीच्या जाळीवर सगळा ओतला. नागाला निवडायला कोरडी बाजू उरली नाही, हे तिच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नसतं.

थोड्या वेळाने तिने डोकावून पाहिलं, तर नाग काठीसारखा ताठ, पोट वर करून पडलेला.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. आमच्याकडे नाग मेला तर तो टाकून देत नाहीत. माणसासारखं त्याचं दहन करतात, नाहीतर दोष गावाला लागतो. गावचे पाटील पोशाशेट आले. सरकारी कुलूप तोडायला त्यांचा हात धजेना, पण शेवटी त्यांनी तोडलं. त्या दारातून आत जाण्याची गावाची ती पहिलीच वेळ. लोकांनी आधी चौकीचे कोपरे पाहिले, मग नाग. पेटीचा तळ तर चार जणांनी चाचपला. ओला भुसा आणि एक जुनी कात निघाली. मला वाटतं, नाग मेल्यापेक्षा त्याचंच लोकांना जास्त वाईट वाटलं.

बांधावर लाकडं रचली. नागाला फळीवर घालून नेलं. बायकांनी लांबूनच हळदकुंकू टाकलं, कोणी तूप आणलं. तोंडात तांब्याचा पैसा घालायची रीत आहे. पण दातांचं कोणालाच नक्की माहीत नसल्यामुळे पैसा डोक्याशी ठेवला. ज्या माणसांनी त्याच्या मरणाची वाट पाहिली, तीच आता हात जोडून उभी होती. पोशाशेटनी झावळीची चूड पेटवली. तेवढ्यात पलीकडच्या बांधावर छत्री दिसली.

जमादार गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले होते. होडी सोडून ते चिखलातून चालत आले होते. त्यांनी लाकडं पाहिली, फळी पाहिली. चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. फक्त तो डोळा आणखी बारीक झाला.

"कुलूप कुणी तोडलं?"

"मी तोरला," पोशाशेट म्हणाले. "पन मारला कोनी नाय, जमादार. ऊन लागून मेला."

"तळाला काय घावलं?"

जमादार वाकले आणि त्यांनी हाताची मागची बाजू नागाच्या अंगाला लावली. तशीच ठेवली. मग म्हणाले, "उन्हानं मेला, आन् गार कसा?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. जमादारांनी नागाच्या अंगावरून बोट फिरवून ते जिभेला लावलं. मला तो क्षण अगदी स्पष्ट आठवतो. जन्मभर मीठ शोधलेल्या माणसाला मीठ सापडलं होतं.

"नागाच्या अंगाला मीठ कुटनं आलं?"

आता प्रत्येकजण शेजाऱ्यापासून थोडा थोडा दूर सरकला. कोणी म्हणालं, पाटलांचा मुलगा सकाळी चौकीमागे होता. कोणी माझ्या वडिलांकडे पाहिलं. त्यांना चौकी हवी होती; मिठागरवाल्यांच्या सोसायटीच्या गोदामासाठी ते अर्ज करत होते. मग बायकांमधून आई पुढे आली.

"मी घातला. बर्फ व्हता."

"आन् मीठ?"

"बर्फात मीठ नाय घालायचा, तं काय साखर घालू?"

कोणीतरी हसलं, आणि त्याच वेळी फळीवरची शेपटी हलली. पहिल्यांदा वाटलं वारा आहे. मग डोक्याशी ठेवलेला पैसा घरंगळून खाली पडला. क्षणात बांध मोकळा झाला. माणसं वाट दिसेल तिकडे धावली. पोशाशेट पेटती चूड घेऊन खाऱ्या पाण्याच्या वाफ्यात उभे राहिले. खरं सांगायचं तर मीही तिथेच होतो, त्यांच्या मागे.

जमादार हलले नाहीत. ते घाईने छत्री उघडत होते. बांधाची माती तव्यासारखी तापलेली, आणि नाग त्या मातीवर उतरायच्या बेतात होता. "गारव्यातनं वाचला तो उन्हानं जाईल," ते स्वतःशीच म्हणाले, आणि फळीवर छत्री धरून स्वतः उघड्या डोक्याने उन्हात बसले. एका हाताने काठी आडवी धरून नागाला ते सावलीतच ठेवत होते. "गोडं पाणी आणा कुणीतरी," ते म्हणाले.

वैशाखात आमच्याकडे गोडं पाणी लांबच्या विहिरीवरून डोक्यावर येतं. आई घरात गेली. प्यायच्या हंड्यात गोण बुडवून, ती पिळून, एकटीच बांधावर परत आली.

नाग वाचला. जमादारांचा संशय मात्र संपला नाही. ते संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसू लागले. आई चहा देई, ते कपाचा तळ बघून पीत, आणि मग चौकशी सुरू होई. बर्फ का घातला? देव हाय म्हणून, आई सांगे. त्यावर ते मान हलवत. देव आहे म्हणून गावाने नुसते हात जोडले होते, ते म्हणत, बर्फ कोणी घातला नव्हता. असे कितीतरी दिवस गेले. शेवटी आई वैतागली.

"तुमी रोज पानी घालता," ती म्हणाली. "त्या दिशी घातला नाय. रोज बघतंय मी. मना बघवला नाय, बस."

जमादारांनी उरलेला चहा संपवून कपाचा तळ पुन्हा बघितला. मग म्हणाले, "हितं आपणहून कुणी कबूल झालेलं म्या कधी बघितलं न्हाई." ही स्तुती होती की तक्रार, मला कळलं नाही. पण त्यानंतर त्यांनी तो प्रश्न विचारला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात इतक्या वर्षांनी चौकीचा हुकूम आला. इमारत सोसायटीला मिळाली. जमादारांचा भाचा घाटावर होता, त्याच्याकडे ते जाणार होते. प्रश्न नागाचा होता. खाडीतून मिठाच्या मचव्याने पनवेल, पुढे एस.टी.च्या तापलेल्या टपाखालून दिवसभराचा घाट. पेटीतला नाग पोचणं शक्य नव्हतं. आणि सोडून द्यावा, तर जप्तीचा माल सोडता येत नाही. शिवाय इतकी वर्षं पेटीत राहिलेला नाग पहिल्याच अंगणात शिरला असता आणि काठीखाली गेला असता. जमादार दोन दिवस पेटीवर हात ठेवून बसून होते, असं आई सांगते.

मग एका दुपारी, अगदी टळटळीत उन्हात, ते आमच्या घरी आले. आमच्या पाण्याच्या हंड्यांच्या कोपऱ्यात गेले. भिंतीला हाताची मागची बाजू लावली, मग जमिनीला, मग कौलांकडे पाहिलं. ज्येष्ठात ऊन कुठवर येतं ते विचारलं. हंडे उचलून त्यांचे तळ पाहिले. आई कमरेवर हात ठेवून उभी होती.

संध्याकाळी पेटी आली. वडील चिडून म्हणाले, जन्मभर यानं आमची झडती घेतली, आता मालही आमच्याच घरात ठेवतो. पण ते पेटीला हात लावायला घाबरत होते, त्यामुळे ती तिथेच राहिली. जमादारांनी झाकणाच्या सांध्यावर माती थापली आणि छाप मारला.

"उंदीर घालाया उघरायला लागंल," आई म्हणाली. "छाप मोरंल."

जमादारांनी छाप पुसून खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी भरतीला मचवा निघाला. मिठानेच भरलेला होता. पोशाशेट धक्क्यावरून म्हणाले, "अरे, जमादाराची झडती घ्या कोनीतरी." सगळे हसले. जमादार हसले नाहीत. त्यांनी आपली पत्र्याची पेटी उघडली, दोन धोतरं आणि खाकी कोट उचलून तळ दाखवला, आणि वाट बघत उभे राहिले. बघायला कोणी पुढे झालं नाही. थोड्या वेळाने त्यांनीच झाकण लावलं.

मग ते आईजवळ आले आणि खिशातून छाप काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवला. झिजून गुळगुळीत झालेलं लाकूड. आता आई पेटी कितीदाही उघडू शकत होती आणि पुन्हा तसाच छाप उठवू शकत होती. घाटावर बसलेल्या माणसाला ते कधीच कळलं नसतं. हे आईलाही समजलं असावं.

"दात हायती," ते हळूच म्हणाले. "त्याच्यावर इस्वास ठिवू नगंस."

मचवा सुटला. जमादार मिठाच्या राशीला टेकून बसले, छत्री मिटून गुडघ्यांवर आडवी. सावली करायला आता पेटी नव्हती, आणि स्वतःवर छत्री धरायची त्यांना सवय नव्हती. तिवरांच्या वळणापर्यंत त्यांचा तो बारीक डोळा आमच्याकडे होता. आईने छाप पदराआड घेतला. जमादारांनी मान वाकडी करून तेही पाहिलं.